शनिवारी येतोस का?

ऑर्विल : त्या काठीला हात लावू नकोस. ओली आहे अजून.

डेल्मर : काठीचं सोड, मामा! आई रडत फोन करते, मी धावत येतो, तर बाबा डोळे उघडत नाहीत. आणि तू इथे लाकूड तासत बसलायस. औषधाचा खेळ का नाही लावलास त्यांच्यासाठी? माणूस दुखण्यानं अंथरुणाला खिळला की गावानं त्याच्यासाठी जाळीच्या काठ्या घेऊन लॅक्रोस खेळायचं, हे मी शिकवू तुला?

ऑर्विल : शिकव की. तू आता प्रोफेशनल झालास.

डेल्मर : टोमणे नकोत.

ऑर्विल : टोमणा नाही रे. शनिवारी तुझी फायनल आम्ही त्याच्या खाटेपाशी बसून बघितली. तू लांबून मारलास त्याचे दोन धरले, तर हा म्हणतो, "गोल एक आणि मोजायचे दोन? कुठला बाजार हा!" तेवढाच हसला.

डेल्मर : लीगचा नियम आहे तो. पहिलंच वर्ष, लोकांना ओढायला काहीतरी नवीन... मामा, विषय बदलू नकोस. खेळ का नाही लावला?

ऑर्विल : लावला होता. जूनमध्ये. त्यानंच मागितला. सोळा जण आले. शुक्रवारी न्यूयॉर्कच्या पुलाच्या कामावरनं खाली उतरले तसे गाडीत बसले. लोखंडावर चढणारी माणसं ती, शनिवारशिवाय कुठली सापडायला! मी चेंडू टाकायला उभा राहिलो, आणि हा खिडकीतून बघून म्हणतो, "डेल्मर दिसत नाही. पुढच्या शनिवारी बघू."

डेल्मर : शनिवारी माझी मॅच असते.

ऑर्विल : ठाऊक आहे. पुढच्या शनिवारी परत सगळे हजर. परत तेच. सगळा उन्हाळा असा गेला. शेवटी शेवटी पोरं म्हणायला लागली, ऑर्विल, तू आम्हाला नुसतं मक्याचं सूप प्यायला बोलावतोस का?

डेल्मर : मग मला एक फोन नाही करता आला तुला?

ऑर्विल : काय सांगू फोनवर? यावंच लागेल म्हणून? औषधाच्या खेळाला कुणाला ओढून आणत नाहीत. ज्याला आतून वाटलं त्यानं यायचं. कुरकुरत आलेला एक माणूस उतरला तरी औषध नासतं.

डेल्मर : मला ठाऊकच नाही, तर आतून वाटणार कुठून!

ऑर्विल : बापाशी बोलत होतास ना दर गुरुवारी?

डेल्मर : बोलायचो की. गुडघा कसा आहे, जेवतोस का नीट, असलंच. आणि ठेवताना दर वेळी एकच... "शनिवारी येतोस का?"

ऑर्विल : तू काय म्हणायचास?

डेल्मर : सीझन संपू दे. हसून म्हणायचो रे! मला वाटायचं, म्हाताऱ्याला करमत नाही. म्हटलं, बाबा, आख्ख्या लीगमध्ये आपल्या ओनोंडागा जमातीचा मी एकटा, आता कसा येऊ? तर म्हणाले, "खरंय, खरंय." मी तुलाही विचारलं होतं, मामा. काय झालंय त्यांना म्हणून. तू म्हणालास, पाठ धरलीय.

ऑर्विल : शपथ घातली होती त्यानं.

डेल्मर : पाठ म्हणालास!

ऑर्विल : म्हणालो. खोटं बोललो. रीत सांभाळली आणि दाजीला घालवून बसलो. रोज त्याच्या खाटेपाशी जातो आणि मान वर करवत नाही माझी. घाल शिव्या, मी ऐकतो.

डेल्मर : शिव्या नाही. आज खेळू या.

ऑर्विल : आज मंगळवार. गावात आहे कोण?

डेल्मर : तू आहेस.

ऑर्विल : माझे गुडघे बघितलेस?

डेल्मर : शाळेची बस चालवणारा क्लिफर्ड आहे. त्याचे भाऊ आहेत. सात झाले तर सात. मामा, पाया पडतो तुझ्या.

ऑर्विल : पाया काय पडतोस, वेड्या. ऊठ. ती प्लास्टिकची काठी गाडीत टाक, या खेळाला लाकडाचीच लागते. ही माझी घे. मी क्लिफर्डला हाक मारतो.

(तासाभरानं. घरामागचं मैदान.)

डेल्मर : नऊ झाले, मामा!

ऑर्विल : क्लिफर्डनं बस तिकडं रस्त्यातच लावलीय. आता शाळेतून मला फोन येणार. तू बुटाची नाडी बांध नीट. तिसऱ्यांदा सुटलीय! फायनलला नाही सुटली.

डेल्मर : तिथं हरलो असतो तर काय बिघडणार होतं? बाबांची खिडकी उघडी आहे ना?

ऑर्विल : उघडीच असते. थांब, ही व्हर्ना कशी आली इकडं? व्हर्ना! बाई, पुढं येऊ नकोस, पोरांच्या हातात औषधाच्या खेळाच्या काठ्या आहेत, बायकांनी जवळ यायचं नसतं.

व्हर्ना : नाही येत. कुंपणापाशीच आहे मी. ऑर्विल, चेंडू खिशात ठेव.

डेल्मर : आई, आता सुरूच करतोय. तू आत जा, त्यांच्यापाशी बस.

व्हर्ना : डेल्मर, गेला तो.

डेल्मर : नाही. मामा, टाक चेंडू. टाक म्हणतो ना!

ऑर्विल : कुणासाठी टाकू, बाळा? आजारी माणसासाठी असतो हा.

डेल्मर : दोन मिनिटं गं, आई! आख्खा उन्हाळा थांबले माझ्यासाठी, आणखी दोन मिनिटं नाही थांबता आलं त्यांना?

व्हर्ना : थांबला होता रे. तुमची हाकाहाकी ऐकून शुद्धीवर आला. म्हणाला, "सुरू झाला का?"

ऑर्विल : मग काय सांगितलंस?

व्हर्ना : हो म्हटलं. डेल्मरही उतरलाय म्हटलं. "चांगला खेळतोय का?" म्हणाला. मी म्हटलं, एल्वुड, तूच बघ की. तर उठायला लागला.