लिंबाच्या खिडक्या

या, अशा जवळ सरकून बसा. आमच्या उरलकडच्या गावातली एक गोड गोष्ट सांगते. बर्फात बसची वाट बघत उभी होते. शेजारी कापितोलिनाबाई बोचकं घेऊन बहिणीकडे निघालेल्या. मागून नवरा येफिम धापा टाकत आला.

“घरी चल गं.”

“कुठल्या घरी? हिवाळ्यासाठी बसवलेल्या आतल्या खिडक्या काढून तू तुझ्या लिंबाच्या रोपाला काचघर बांधलंस. शेगडीही त्यालाच!”

“शेगडी न्हाणीघरातली होती.”

“म्हणजे मी गारठायचं, वर आंघोळही नाही!”

“लिंबाला थंडी सोसत नाही गं.”

“आणि मला सोसते?”

“तू कधी बोलली नाहीस.”

“रोज बोलते! तू लिंबाशी बोलत असतोस.”

“बरं, ऐक. त्याला फुलं आलीत.”

“खरंच? अरे, पण पराग कोण लावणार? या बर्फात मधमाशी येणारे?”

“मी बोटानं लावले. काही फुलं गळाली.”

“त्या लाकूडफोड्या बोटांनी? माझ्या पावडरीचा मऊ कुंचला लागतो!”

“तो तुझ्या बोचक्यात आहे.”

कापितोलिनाबाईंनी बोचक्याची गाठ चाचपली.

“बस आली बघ,” येफिम म्हणाला.

“जाऊ दे तिला. पण माझा पलंग काचघरात, शेगडीजवळ.”

“आणि माझा?”

“तुझा आहे तिथेच.”

तर मायबाप, आज प्रार्थनेत मेणबत्ती लावाल, तेव्हा येफिमची आठवण ठेवा. त्या घरात फार गारठा आहे.