तीन-दोन, पुन्हा सांगा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या हौशी रेडिओ मंडळाचे संस्थापक आदरणीय मुकुंदराव तडवळकर, सांगोल्याहून मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या सुकन्याताई, आजच्या सत्कारमूर्ती प्रेमलाताई उपळाईकर आणि पंखे कमी असूनही शेवटपर्यंत बसायची तयारी दाखवणाऱ्या माझ्या सोलापूरकर बंधू-भगिनींनो,

मी आज ओरडून बोलणार आहे. राग आलेला नाही. निमंत्रणपत्रिका आपण वाचलीच असेल. मुकुंदरावांनी मजकूर केला होता, 'प्रेमलाताई वैयक्तिक कारणास्तव मंडळाच्या नियंत्रकपदावरून निवृत्त होत आहेत.' ताईंनी तो छापखान्यातून परत मागवला आणि स्वतःच्या हाताने दुरुस्त केला, 'ऐकू कमी येऊ लागल्यामुळे.' मुकुंदराव म्हणाले, "अहो ताई, असं कुणी छापतं का?" ताई म्हणाल्या, "खरं आहे ना? मग छापा."

या बाईंचा स्वभाव हा असा. आणि याच स्वभावापायी आमचा चषक गेला. ते दुःख मी आज चारचौघांत मांडणार आहे, तेव्हा अध्यक्षमहोदयांनी 'आवरा'ची चिठ्ठी पाठवू नये ही विनंती.

मी सुबोध. नव्या पेठेत कापड विकतो आणि उरलेल्या वेळात वायरलेसवर बोलतो. घरच्यांच्या मते हे उलट आहे. आमच्या मंडळाची दरवर्षी एक स्पर्धा असते. गाडीत सेट बसवायचा, टपावर अँटेना लावायची आणि एका दिवसात जिल्ह्यातले जमतील तेवढे तालुके फिरायचे. वाटेत जो भेटेल त्याच्याशी हवेत बोलायचं. जितकी माणसं आणि जितके तालुके, तितके गुण. सूर्य मावळला की स्पर्धा संपली. मी गाडी चालवायचो, ताई बोलायच्या.

आता जे पाहुणे रेडिओवाले नाहीत, त्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही समोरच्याला दोन आकडे देतो. पहिला आकडा म्हणजे बोलणं किती समजलं, पाचपैकी. दुसरा म्हणजे आवाज किती जोरात आला, नऊपैकी. पाच-नऊ म्हणजे खणखणीत. पण स्पर्धेच्या घाईत खरा आकडा कोण देतो? सगळे सगळ्यांना पाच-नऊ देऊन मोकळे होतात. लग्नात जेवण कसं झालं विचारलं की आपण 'फक्कड' म्हणतो, तसंच. ताई मात्र खरा आकडा द्यायच्या. "तीन-दोन, पुन्हा सांगा." समोरचा पुन्हा सांगायचा आणि इकडे माझे गुण वाहून जायचे. मी कापड विकणारा माणूस, मापाची किंमत मलाही कळते. पण म्हणून शर्यतीत टेप काढून बसायचं?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. उसाचा हंगाम चालू होता. करकंब मागे पडलं, माळशिरस तालुक्याची हद्द समोर आली. तेवढा एक तालुका झाला की जिल्हा पुरा, आणि अकलूजकरांनी तीन वर्षं घरी ठेवलेला चषक सोलापुरात. ऊन कलत आलं होतं. तेवढ्यात सेटमध्ये खरखरीच्या मागून कुणीतरी बोललं. कॉलसाइन, म्हणजे आमचं हवेतलं नाव, ओळखीचं, मायाप्पा सरगरचं. मेंढरांमागे हिंडताना मोबाइलला रेंज नसते म्हणून ज्याने ताईंकडे बसून परवान्याची परीक्षा दिली, तो आपला मायाप्पा. तोही जीप घेऊन एकटाच स्पर्धेला निघाला होता. मी म्हटलं, "ताई, मायाप्पाच आहे. पाच-नऊ द्या, पुढे जाऊ."

ताई माइकवर म्हणाल्या, "तीन-दोन. पुन्हा सांग."

पुन्हा खरखर. ताईंनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "सुबोध, गाडी बंद कर." इंजिनाचा आवाज सेटमध्ये उतरतो हे खरं, पण मंडळी, हद्दीची पाटी मला दिसत होती! मी म्हटलं, "दोन मिनिटांत हद्द ओलांडू, मग ऐका." त्या म्हणाल्या, "तो आकडा मागत नाहीये. आकडा मागणारा माणूस इतकं लांबट बोलत नाही."

मी किल्ली फिरवली. आणि नेमका मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या आणि कानठळ्या बसवणारी गाणी. मी उतरून त्याला आडवा गेलो. "टेप बंद करा! ट्रॅक्टर पण!"

"का ओ? कुनी मेलंय का?"

"अजून नाही."

हे माझ्या तोंडून कसं गेलं, मला माहीत नाही. त्या भल्या माणसाने सगळं बंद केलं आणि आमच्या खिडकीशी येऊन उभा राहिला.

मायाप्पाचे शब्द कळतच नव्हते. पण समोरच्याने बटण दाबलं की खरखर क्षणभर थांबते. ताईंनी तेवढंच धरलं. "मायाप्पा, होय असेल तर बटण एकदा दाब. नाही असेल तर दोनदा. तुला लागलंय?"

एकदा.

"जवळ कुणी आहे?"

दोनदा.

तेवढ्यात सेटवर अकलूजची गाडी मध्येच घुसली. "ताई, आकडा द्या अन् सोडा की! वेळ संपत आला!" ताईंचा आवाज चढलेला मी तेव्हा एकदाच ऐकला. "फ्रिक्वेन्सी मोकळी करा. माणूस अडकलाय." अकलूजकर गप्प बसल्याची ही इतिहासातली पहिली नोंद असावी. पण बसले. सगळा जिल्हा गप्प बसला.

"जवळ्याच्या अलीकडे आहेस?" दोनदा. "घेरडीच्या रस्त्याला?" एकदा. "रस्त्यावर आहेस?" दोनदा. "कालव्याच्या चारीत?" एकदा, आणि ते बटण बराच वेळ दाबलेलंच राहिलं.

सांगोल्यात सुकन्याताई आपल्या घरच्या सेटवर हे ऐकत होत्या. "ताई, मी निघाले," एवढंच म्हणून त्या भावाला आणि गाडीला घेऊन सुटल्या. आणि मग उरलं ते थांबणं. ताई दर थोड्या वेळाने विचारायच्या, "मायाप्पा, आहेस ना?" एकदा बटण. पुन्हा, "आहेस ना?" एकदा बटण. सूर्य उसाच्या मागे गेला. स्पर्धा संपली, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"मायाप्पा, आहेस ना?"

नुसती खरखर.

ताईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा खरखर. ट्रॅक्टरवाल्याने डोक्याचा टॉवेल काढून हातात घेतला. तो हातात का घेतला, या विचाराने मी त्याच्याकडे बघायचंच टाळलं. ताई थांबल्या नाहीत. शाळेत शिकवताना दहावी-ब ची हजेरी घ्यायच्या तशा शांत आवाजात विचारत राहिल्या. "मायाप्पा, आहेस ना? मायाप्पा, आहेस ना?"

खरखर थांबली. एकदा.

मी रडलो. दुकानदार माणूस रडतो तेव्हा वाईट दिसतं, पण रडलो.

सुकन्याताई पोहोचल्या तेव्हा मायाप्पाचा पाय उलटलेल्या जिपेखाली होता आणि अँटेना मोडून पडली होती. रक्त फार गेलं होतं. डॉक्टरांनी पाय वाचवला. दवाखान्यात मायाप्पाने आम्हाला जे सांगितलं, ते त्याच्याच शब्दांत सांगतो. "ताई, तुमच्या आदी तिगांनी मला पाच-नऊ दिलं. मला वाटलं, माजं ऐकलं की, आता गाडी येतीय. बॅटरी ऱ्हावी म्हून सेट बंद करून पडलो. लई येळ कोनच येईना, तवा परत लावला. तर तुमी म्हनला तीन-दोन. तवा कळलं, कुनालाच काय ऐकू गेलं न्हाई."

ते तिघे वाईट माणसं नव्हेत. ओळखीचं कॉलसाइन ऐकलं, सवयीने आकडा दिला आणि पुढे गेले. ताईंच्या जागी मी असतो तर चौथा झालो असतो.

तेव्हा अशा बाईंना आज निरोप देताना आपण सगळे पाच-नऊ वाटत सुटलो आहोत. माझ्या आधीच्या वक्त्यांनी तर दहा-दहासुद्धा दिले. मला मात्र त्यांनाच विचारायचंय. ताई, माझं बोलणं सगळं नीट ऐकू आलं का? होय असेल तर टेबलावर एकदा वाजवा. नाही असेल तर दोनदा.

दोनदा.

हसू नका. मी घसा फोडतोय आणि मला खरा आकडा मिळाला. पण मग पुन्हा सांगायचं, हा त्यांचाच नियम. मायाप्पा, ये वर. सावकाश, काठी सांभाळ. माइक नको. त्यांच्या कानाशी जा आणि तुला काय विचारायचं ते विचार.

मागच्यांसाठी सांगतो. तो विचारतोय, "ताई, हायसा न्हवं?"

एकदा. वाजलं ना एकदा? सगळ्यांनी ऐकलं ना?

आता माझ्याच्याने पुढे बोलवत नाही. आपण मला सहन केलंत, त्याबद्दल आभार. बोलण्यात काही खाली-वर झालं असेल तर पोटात घाला. आणि मागच्या रांगेत ज्यांना ऐकू आलं नसेल, त्यांनी मला बरं वाटावं म्हणून टाळ्या वाजवू नयेत. तसं सांगावं. मी पुन्हा सांगेन.