ब्रॅडी जिंकावं म्हणून

समारंभाचे अध्यक्ष आणि आपले मुख्याध्यापक प्रुइटसाहेब, व्यासपीठावरचे पास्टर हर्शबर्गर, सत्कारमूर्ती लोर्नाबाई स्टट्झमन आणि मिलर्स फोर्डच्या माझ्या गावकऱ्यांनो,

आधी बातमी सांगतो. काल शेवटचा, दहावा सामना जिंकूनही आपण विभागात नववे आहोत. राज्य संघटनेच्या कार्यालयानं आज सकाळी प्रुइटसाहेबांना फोनवर तसं कळवलं. पुढच्या बाद फेरीला, प्लेऑफला, पहिले आठच संघ जातात.

लोर्नाबाईंनी इथं गणित शिकवलं आणि चौतीस वर्षं आपल्या फुटबॉल संघाची आकडेवारी ठेवली. या काळात आपण प्लेऑफला किती वेळा गेलो? एकदाही नाही. त्यातली चौदा वर्षं प्रशिक्षक मी होतो, म्हणून हे मान खाली घालूनच सांगतो.

पहिल्याच वर्षी मी फुशारकीनं म्हणालो, आपली पोरं चेंडू हातात घेऊन सामन्याला चारशे यार्ड पळतात. बाईंनी वहीतून डोकं वर काढलं नाही. "यार्डांचं काय घेऊन बसलास, गेलन? चेंडू कितीदा घालवलात ते सांग."

चेंडू कमी घालवायचा, आणि मिळवलेल्या गुणांतून दिलेले वजा करून काय उरतं ते बघायचं. एवढं मी हळूहळू शिकलो. तिसरी गोष्ट मात्र पचली नाही. आपल्या राज्याच्या नियमात, आपण ज्यांना हरवलं ते पुढं जितके सामने जिंकतील तितके क्रमवारीतले आपले गुण वाढतात. म्हणजे हरवलेल्याचं भलं चिंतायचं. पास्टरसाहेब, तुमच्या प्रवचनात हे शोभतं. पण शेजारच्या गावच्या, आपल्या हाडवैरी ब्रॅडीचं भलं?

अकरा वर्षांपूर्वी आपण ब्रॅडीला हरवलं होतं. मोसमाच्या शेवटच्या शनिवारी दुपारी ब्रॅडी दुसऱ्या एका संघाकडूनही हरले, आणि आपण मुख्य रस्त्यावरून हॉर्न वाजवत गाड्या फिरवल्या. सगळ्यांत पुढं माझी. बाई आणि वेंडेल, त्यांचे यजमान, पोस्टाबाहेर उभे होते. मी गाडी थांबवली. बाई खिडकीशी आल्या.

"गेलन, ते जिंकले असते तर आपण आत होतो."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. वेंडेल म्हणाले, असू दे, पुढच्या वर्षी. पुढचा मोसम काही त्यांना दिसला नाही.

सोमवारी बाई लेकीकडे ॲरिझोनाला निघाल्या आहेत, कायमच्या. निरोपाची भेट काय देऊ, असं मी परवा विचारलं. म्हणाल्या, "प्लेऑफचा एक सामना. परक्या मैदानावर असला तरी चालेल."

यंदाही पाचव्या आठवड्यात आपण ब्रॅडीला हरवलंय. त्यांचा शेवटचा सामना आज संध्याकाळी सहाला आहे. ते जिंकले तर आपण आठवे. बाईंनी लेकीला कळवलंय, तिकिटाचं सामना संपल्यावर सांगते.

चर्चच्या भगिनींनी नूडल्स आणि चिकन रांधलं, त्यांचे आभार. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. हॉर्नचं तर नक्कीच. पाच वाजता शाळेसमोरून दोन बस निघतील. आपण ब्रॅडीच्या बाजूला बसायचंय. ते आपल्याकडे संशयानं बघतील. बघू देत. ओरडायचं मात्र मनापासून. बाई पहिल्या रांगेत असतील.