लेकरू लहान राहावं म्हणून

(घाटंजीजवळचा एक तांडा. उपकेंद्राच्या वर्षा सिस्टर, रामीबाई आणि तिची सात महिन्यांची गरोदर सून जमनी. जमनी सासूला ‘याडी’, म्हणजे आई, म्हणते.)

वर्षा : सगळी पाकिटं तशीच्या तशी! गोळ्या कोंबड्यांसाठी देते का मी, काकी?

रामीबाई : मीच म्हटलं तिले, खाऊ नको.

वर्षा : हिची पापणी खाली ओढून पाहा. पांढरीफटक हाय. रक्त अकरा पाह्यजे, हिचं सहा भरलं.

रामीबाई : गर्भारपणात बायका अशाच दिसते.

जमनी : मले दम लागते, सिस्टर. कापूस वेचता वेचता अंधारी येते.

रामीबाई : तू चूप बस.

वर्षा : जेवतेस किती?

जमनी : याडी अर्धीच भाकर वाढते.

रामीबाई : हो, अर्धीच! मायनं पोटभर खाल्लं, गोया खाल्ल्या, का लेकरू मोठं होते. मंग अडकते. माही लेक उर्वशी बाळंतपणात तशीच गेली.

वर्षा : उर्वशीनं गोळ्या खाल्ल्या होत्या?

रामीबाई : चार-पाच खाल्ल्या. संडास काळी झाली. म्या बंद केल्या, पण तेवढ्यानंच घात केला.

वर्षा : काळी होतेच. गोळीत लोह असते, त्याचा रंग हाय तो. त्यानं काही बिघडत नाही... काकी, उर्वशीचं लेकरू तुम्हीच हातात घेतलं होतं ना?

रामीबाई : कायले काढता ते?

वर्षा : केवढं होतं?

रामीबाई : एका हातात मावलं.

वर्षा : मग अडकलं कुठं? लेकरू झालं, मागाहून रक्त गेलं. अंगात होतंच किती तिच्या? जे गेलं ते सोसलं नाही.

रामीबाई : मी लेकरू लहान राहावं म्हणून तिलेबी अर्धीच भाकर... सिस्टर, ही तरी वाचंल का?

वर्षा : आता नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. आजच यवतमाळले भरती करू, रक्त चढवतील; गाडी मी बोलावलीच हाय. कळा लागल्यावर मले म्हणाल, तर माझ्या हातात काही नसते.

रामीबाई : घेऊन जा मंग.

जमनी : तू बी चाल, याडी.

रामीबाई : मी नाही येत. उर्वशीसंग तिथंच गेलती, एकटी वापस आली. माहा पाय नको तिथं.

जमनी : तं मी बी नाही जात.

रामीबाई : जमने, हट्ट करू नको.

जमनी : मले भेव लागते.

वर्षा : काकी, गाडी तांड्यात आली.

रामीबाई : ...तू उठू नको. माही चप्पल कुठी हाय, तेवढं सांग.