चावडीच्या रेडिओची खरखर

हंबीरराव : वहिनी, गिरणी चालूच ऱ्हाऊ द्या. मोटार फिरत असली तरच खरखर कुठनं येतीया ते घावंल.

सुलाबाई : बघा भावजी लवकर. रेडिओवाल्या बाईनं टेप करून नेलेलं माझं बोलणं साडेबाराला सांगली केंद्रावर लागनार. शेजारी चावडीत रेडिओला कर्णा लावलाय, सगळं कुंडल गाव येऊन बसलंय, आन् त्यातनं निस्तं भजी तळल्यावानी चर्र चर्र.

नाथाजी : माझी मोटार म्हातारी, भिंतीला भिंत लागून चावडी. खरखर यायचीच. त्यात एवढं काय?

हंबीरराव : नाथाजी, एकाहत्तरच्या लढाईत मी सिग्नलमधी होतो. जनरेटरच्या बगलंत वायरलेस चालवलाय. खरखरीला कारन असतंय गड्या. मोटारीचं कारबन मघाशी घासून बसवलं, ठिणग्या थांबल्या. अर्थिंगचा खड्डा मातूर कोरडा ठाक पडला हुता.

सुलाबाई : चार घागरी वतल्या की त्यात.

नाथाजी : झालं तर मग. चल हंबीरराव, दोन घास खाऊन घे.

हंबीरराव : थांब. खरखर निम्मी गेली, निम्मी हाय अजून. आन् ह्ये वर काय? रेडिओची एरियलची तार मोटारीच्या वायरीला बांधून पार कौलापत्तुर नेलीया. ह्या दोघी सवतीवानी लांब ठेवायच्या असत्यात. वलांडायची पाळी आलीच तर आडवी न्यायची, बेरजेच्या खुणंवानी.

सुलाबाई : परवापत्तुर रेडिओ झ्याक वाजत हुता. बांधली कुनी?

हंबीरराव : सुतळी नवी हाय. पिठानं माखलीया.

सुलाबाई : आवं?

नाथाजी : तार लोंबत हुती. म्हनलं, बांधली तर नीट दिसंल.

सुलाबाई : लगीन झाल्यापास्नं घरातली एक दोरी नीट बांधली न्हाई तुमी.

नाथाजी : मग तू सांगत का न्हाईस, त्या रेडिओवाल्या बाईला काय बोललीस ते? आठ दिस इचारतुया.

सुलाबाई : गिरणीवाली बाई काय बोलनार, असं तुमीच म्हनला. मग ऐका आता रेडिओवरच.

हंबीरराव : बायकू रेडिओवर बोलली तर तुझं काय दुखतंय रं?

नाथाजी : तुझ्यापाशी म्हनून सांगतो. गिरणीच्या दगडाला टाकी मारायची, छिन्नीनं खाचा पाडायच्या, त्यात पाच गावात माझं नाव हाय. मऊ पीठ म्हंजी नाथाजीची टाकी. आन् तीन वर्सं झाली, माझा हात थरथरतोय. दर सोमवारी गिरणी बंद ठेवून दार लावून घेतो आन् आत ही टाकी मारती. ते हिनं बोलून टाकलं असंल तर मी पारावर तोंड कसं दावू?

हंबीरराव : आयला. मग तार सोडू का तशीच ठेवू? दोन मिनटं उरल्यात.

सुलाबाई : भावजी, तुमी हात लावू नगा. ज्यांनी बांधली त्यांनीच सोडावी.

नाथाजी : तुझ्या तोंडाकडं बघून बी कळंना काय बोललीस ते. आज ऐकलं न्हाई तर मला याड लागंल. इळा आन इकडं.

हंबीरराव : दमानं. निस्ती सुतळी काप, वायरीला पातं लागू देऊ नगंस. हां. आता तार इकडं वढ, पलीकडच्या खुंट्याला. बघ, मोटार फिरतीया आन् रेडिओ साफ.

(चावडीच्या कर्ण्यातून सुलाबाईचा आवाज येऊ लागतो.)

रेडिओ : ...टाकी आता मीच मारती. शिकवली मालकांनी, हात धरून. त्यांचा हात आता साथ देत न्हाई. पर ते घरात जेवत असले तरी दगडाचा आवाज ऐकून सांगत्यात, डाव्या अंगाला टाकी उथळ पडलीया. जाऊन बघावं तर खरंच. मला ते अजून जमत न्हाई. हात माझा हाय, पर गिरणी चालती ती त्यांच्या कानावर...

हंबीरराव : आरं, मोटार का बंद केलीस? खरखर गेलीया की.

नाथाजी : गप रं. ऐकू दे.

सुलाबाई : दळणं खोळंबल्यात लोकांची.

नाथाजी : थांबतील. आन् ऐक, सोमवारी टाकी मारशील तवा दार उघडंच ठेव.