पाटावरचं मशीन

हॅलो? संगे, तू फक्त ऐक वं, मधात बोलू नको… हो, मेडशीलेच हाव, सासरी. माहेरी नाई आली, अजून तरी!

अवं, आमचे सासरे… हो, बबनराव. त्यायचं मशीन नाई का, तोंडाले मास्क लावून झोपाचं?… हो, तेच. झोपीत श्वास बंद पडते ना त्यायचा. अकोल्याच्या डॉक्टरनं साफ सांगतलं होतं, दरवेळी हृदयावर ताण येते, ठोके आधीच चुकून राह्यले, दुपारच्या डुलकीलेबी मशीन पाह्यजे म्हणून…

ऐक ना! काल दसरा. तर या शहाण्या माणसानं ते मशीन पुजेले मांडलं! पाटावर! ट्रॅक्टरची चाबी, विळा, फवारणीचा पंप, अन् मधात मशीन… हास, हास! वरून हळद-कुंकू. तेबी कुठं? जिथून हवा वढते तिथंच, मुठीनं!

अन् पुजलेलं त्या दिवशी वापराचं नाई म्हणे. ट्रॅक्टर उभा राह्यते तर मशीनबी उभं राहीन… आता बोल! ट्रॅक्टर काय श्वास घेते?

मंग काय, पुरणपोळ्या हाणल्या अन् ओसरीत आडवे. घोरणं असं का बैलं बिचकले. अन् एकदम बंद! सासूबाई म्हणते, "आता कशी गाढ झोप लागली." गाढ! ओठ निळे पडून राह्यले होते, संगे!… कोण हालवन? मीच हालवलं. उठले धडपडत, घामाघूम, छाती धडधड. अन् म्हणते काय, "पुरण जड झालं."

हो, मंग उचललं मी पाटावरून. कुंकू झटकलं, नवा फिल्टर टाकला… नाई भेली! मास्क घेऊन गेली तर त्यायनं फेकला. "पुजलेलं उठवलं! भावकीसमोर माह्या पाया पड, तवाच लावन." जशी श्वासाची गरज मलेच हाय!

माहा नवरा, हरीओम? तो नंदीबैल! म्हणते, "पड ना, तुयं काय जाते?"

छट्, नाई पडली. रातभर बिनमशीनचे झोपले. आताबी ओसरीत घोरून राह्यले, ऐकू येते ना तुले?… थांब. थांब वं…

संगे, बंद झालं… नाई, उठले नाई, श्वासच… अवं सासूबाई, हालवा त्यायले! मास्क कुठी हाय?… हो वं, पडतो त्यायच्या भेगाळ पायावर, भावकी बोलावून पडतो, आधी श्वास तर येऊ दे! ठेवतो मी… संगे, खरं सांग, तू काय केलं असतं?