फोटोतली गोधडी

कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष माननीय सुदामरावजी, मुख्याध्यापिका संध्याताई, या खुर्चीवर महत्प्रयासाने बसवलेल्या आजच्या सत्कारमूर्ती जिवलीबाई, सहकारी शिक्षकहो, वसतिगृहाच्या मुलींनो आणि वाड्यांवरून उन्हातून चालत आलेल्या पाहुण्यांनो,

संध्याताईंनी मला पाच मिनिटं दिलीत. विज्ञानाच्या मास्तरला पाच मिनिटं म्हणजे नुसता खडू शोधण्यात जातात! ओळख करून देताना त्या 'सोलरवाले बुद्धभूषण सर' म्हणाल्या, तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. त्या टाळ्यांबद्दलच मला आज बोलायचंय.

जिवलीबाई आपल्या वसतिगृहात कामाठी. कामाठीनं काय करायचं असतं? कागदावर झाडलोट, पाणी भरणं, धान्य निवडणं. प्रत्यक्षात तापानं फणफणलेल्या मुलीच्या उशाशी कोण बसलं, उवा कुणी काढल्या, ते या मुलींना विचारा. ए, मागे कोण हसतंय? तुझ्याही काढल्यात त्यांनी.

दहा-अकरा वर्षांपूर्वी डिसेंबरात मुली गार पाण्यानं कुडकुडत अंघोळ करायच्या. मी ठरवलं, आपण स्वतः सोलर बनवू. गच्चीवर लाकडी खोकं, आत काळा रंग दिलेला पत्रा, त्यावर पाइप, वर काच. पाइप घ्यायला उल्हासनगरला गेलो. दुकानातले सेठ म्हणाले, "मास्टरजी, ये ठंडे पानी का पाइप है. गरम में नरम पड़ जाएगा." मी उलट त्यांनाच धडा दिला, की आतून पाणी वाहतंय तोवर पाइप फार तापत नाही. ते खोटं नव्हतं हो. पण वाहतंय तोवर! मे महिन्यात मुली घरी जातात, मग नळ कोण उघडणार? काचेखाली कोरड्या पाइपाचं काय होणार? हे माझ्या डोक्यात आलं नाही.

जिवलीबाईंच्या आलं. पहिल्याच सुट्टीत त्यांनी खोक्यावर आपली जुनी गोधडी टाकली. मी हसलो. म्हटलं, "अहो, उन्हावर चालणाऱ्या यंत्राला गोधडी?" त्या म्हणाल्या, "पानी नाय त्यात. रिकामं भांडं चुलीवर कोन ठेवतं, सर?" मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. दोन मे महिने त्या गोधडीखाली सुखरूप गेले. श्रेय मी माझ्या डिझाइनला दिलं.

तिसऱ्या मेमध्ये एका वर्तमानपत्राचे फोटोग्राफर आले. गोधडी कशी दिसणार फोटोत? मीच ती काढली, घडी घातली, पायाशी ठेवली. फोटो झकास आला. चहा प्यायला खाली उतरलो, दुसऱ्या दिवशी सासुरवाडीला गेलो. जिवलीबाई तेव्हा आपल्या घरी वांगणीला होत्या. गोधडी परत टाकायची राहून गेली.

आठ दिवसांत पाइप भिजलेल्या शेवयांसारखे लोंबले, सांधे सुटले. टाकीत पाणी सोडल्याबरोबर ते स्लॅबमधून खालच्या धान्याच्या खोलीत उतरलं. जूनचा सगळा तांदूळ भिजला. चौकशी लागली. मला कारण विचारलं आणि मी लिहून दिलं, "कामाठी यांनी परवानगीशिवाय गोधडी टाकल्याने आत उष्णता कोंडून पाइप निकामी झाले." विज्ञानाच्या मास्तरनं सहीनिशी लिहिलेलं. कोण शंका घेणार?

जिवलीबाईंच्या सेवापुस्तकात 'हलगर्जीपणा' असा शेरा बसला. मुरबाडच्या पलीकडे बदली झाली, पाच वर्षं. घरी त्यांचे यजमान बारकूदादा दम्यानं अंथरुणाला खिळलेले. ते गेले त्या दिवशी या तिकडे मुलींना जेवण वाढत होत्या. निरोप मिळून पोचल्या तोवर सगळं उरकलं होतं.

जिवलीबाई, हातानं खुणा करून मला बसवू नका. आज मी बसणार नाही.

माझ्या आईवर, राजाबाईवर, अंबरनाथच्या कारखान्यात एकदा आळ आला होता. तिला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. तो राग मी दर चौदा एप्रिलला भाषणात सांगतो, लोकांचे डोळे भरून येतात. आणि मी? मी तरी जिवलीबाईंना कुठे विचारलं? लाज वाटते हो मला. आईचं नाव घ्यायचीसुद्धा लाज वाटते.

तो फोटो आपल्या ऑफिसात फ्रेम करून लावलाय. तो छापून आला म्हणूनच देणगीदार मिळाले, कंपनीचे तांब्याच्या पाइपांचे पॅनेल आले, मी 'सोलरवाले सर' झालो. जेवायला जाताना नीट बघा. माझ्या बुटाजवळ लाल-निळ्या तुकड्यांची घडी दिसेल. आठ वर्षं आपण सगळे त्या फोटोसमोरून येतोय, जातोय.

मंगळवारी मी धीर करून जिवलीबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली. म्हणाल्या, "मना ठावं हाय. फोटूत हाय ना माजी गोधडी. हितं परत आल्यापासून तीन वरीस रोज काच पुसतंय मी." मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, "वाट बघत व्हते, तुमी कवा बोलताव ते."

अध्यक्ष महोदय, आज सकाळी मी संध्याताईंकडे लेखी जबाब दिलाय, सोबत तो फोटो जोडलाय. म्हणजे ऑफिसात आता नुसता खिळा दिसेल, मघाशी उगाच बघा म्हणालो. जिवलीबाई निवृत्त होताहेत, त्यांचे पेन्शनचे कागद सोमवारी पुढे जातील. त्याआधी तो शेरा निघावा, एवढं तुमच्या हातात आहे. माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होऊ दे.

मंडप घालणाऱ्या मुलींचे, स्वयंपाकघरातल्या मावश्यांचे आणि पाच मिनिटांची पंधरा होऊनही घंटा न वाजवणाऱ्या संध्याताईंचे आभार. या पंधरा मिनिटांत तोंडून काही वेडंवाकडं गेलं असेल, तर मंडळींनी मोठ्या मनानं पोटात घालावं. आठ वर्षांपूर्वीचं मात्र घालू नये. जिवलीबाई, तुम्ही तर मुळीच नको. तुम्ही ते फार दिवस पोटात ठेवलंत.

जय भीम.